भूक लागते, थंडी वाजते, झोप येते : स्पॅनिशमध्ये मात्र सगळं ‘तेंगो’

या महिन्यात स्पॅनिशबद्दल जी पत्रं आणि मेल आले त्यातले बरेचसे एकाच जागी अडलेले आहेत, म्हणजे शब्द येतात, क्रियापदाचे तक्ते पाठ आहेत, पण ‘मला भूक लागलीय’ एवढं साधं वाक्य तोंडातून बरोबर बाहेर पडत नाही. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच भागातले घेतलेत. स्पॅनिश शब्द नेहमीसारखे आपल्या लिपीतच लिहितेय, उच्चार कळायला तेच सोपं पडतं. नवीन वाचकांसाठी एवढंच, ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणं, ‘तेंगो’ म्हणजे माझ्यापाशी आहे, आणि ‘सोय’, ‘एस्तोय’ या दोन्हींचा अर्थ ‘मी आहे’.

प्रश्न : मी ठाण्यात एका शाळेत आठवीला स्पॅनिश शिकवते, शिकवण्याचं माझं दुसरंच वर्ष आहे. ‘तेनेर’ची पंधरा एक्सप्रेशन्स मी एका चार्टवर लिहून दिली, मुलांनी पाठ केली, टेस्टमध्ये मार्कही छान पडले. पण वर्गात बोलायला लागली की परत ‘सोय आंब्रे’ आणि ‘एस्तोय फ्रीओ’. माझं काय चुकतंय?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : ताई, मुलं ढ नाहीयेत आणि तुम्ही पण कमी पडत नाहीयात. आधी ही चूक येते कुठून ते बघूया. मुलाच्या पोटात भूक असते, ती त्याला मराठीत जाणवते, ‘मला भूक लागलीय’. पण शाळा इंग्लिश मिडियम, स्पॅनिशचं पुस्तक पण इंग्लिशमधून, म्हणून तो मनात पहिलं त्याचं ‘आय अ‍ॅम हंग्री’ करतो आणि मग त्यातल्या ‘आय अ‍ॅम’ला ‘सोय’ लावतो आणि ‘हंग्री’ला ‘आंब्रे’. झालं. पण ‘आंब्रे’ म्हणजे भुकेला नाही, ‘आंब्रे’ म्हणजे भूक. म्हणजे तो पोरगा म्हणतोय ‘मी भूक आहे’. उद्या वर्गात गेलात की फळ्यावर मराठीत एवढंच लिहा, ‘मी भूक आहे’, आणि बघा, अख्खा वर्ग हसेल. कारण मराठी कानाला हे लगेच खटकतं, इंग्लिशमधून आलं तरच ते खपून जातं.

माझ्या वर्गातलं सांगते. डिसेंबर महिना, शनिवारी सकाळी साडेसातची बॅच, आणि वर्गाची एक खिडकी नीट बंद होत नव्हती. त्या खिडकीजवळ बसलेली मुलगी स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून म्हणाली, ‘मिस, एस्तोय फ्रीओ’. मी चूक काढली नाही, मराठीत विचारलं, घरी असतीस तर आईला काय म्हणाली असतीस? ‘आई, मला थंडी वाजतेय.’ म्हटलं, म्हणजे तू थंड आहेस का? ‘नाही मिस, मी नाही थंड, थंडी मला वाजतेय.’ मग म्हटलं, स्पॅनिशमध्येही तू थंड नाहीयेस, थंडी वेगळी आणि तू वेगळी, फक्त तिथे म्हणतात की ती थंडी तुझ्यापाशी आहे, तू ती धरून बसलीयस. ‘तेंगो फ्रीओ.’ तिने दोनदा म्हणून बघितलं, मग उठली, वहीचा कागद घडी करून खिडकीच्या फटीत खोचला आणि जागेवर येऊन म्हणाली, ‘नो तेंगो फ्रीओ’. नकार मी तोपर्यंत शिकवलाही नव्हता.

‘धरून बसणं’ हे मी उगाच म्हटलं नाही हं. ‘तेनेर’ लॅटिनमधल्या ‘तेनेरे’वरून आलंय आणि त्याचा अर्थच धरणं, हातात ठेवणं. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘जवळ असणं’ या अर्थाने ‘आबेर’ पण चालायचं, हळूहळू ते काम पूर्ण ‘तेनेर’कडे गेलं आणि ‘आबेर’ उरलं मदतीच्या क्रियापदापुरतं आणि ‘आय’ म्हणजे ‘तिथे आहे’ म्हणण्यापुरतं. मुलांना ही गोष्ट एकदा सांगितली की मुठीत काहीतरी धरल्याची खूण करून ती ‘तेंगो’ म्हणायला लागतात, आणि ती खूण खूप दिवस टिकते.

आता आपल्याकडची गंमत बघा. आपल्याला भूक आणि तहान लागते, थंडी वाजते, झोप येते, भीती आणि लाज वाटते, घाई नुसतीच असते, आणि गरम होत असेल तर त्याला नावसुद्धा लागत नाही, सरळ ‘उकडतंय’. इतकी वेगवेगळी क्रियापदं! आणि थंडी ‘वाजते’ पण झोप ‘येते’ हे तुम्हाआम्हाला कुणी चार्ट लावून शिकवलेलं नाही, जोडी अख्खी कानावर पडली आणि तशीच तोंडात बसली. स्पॅनिशमध्ये या सगळ्यांना एकच ‘तेनेर’ पुरतं, आंब्रे, सेद (तहान), फ्रीओ, कालोर (उकाडा), स्वेन्यो (झोप), मिएदो (भीती), प्रीसा (घाई), म्हणजे आपल्या मुलांना काम कमीच आहे. फक्त तेही अख्खंच कानावर पडायला हवं, ‘तेंगोआंब्रे’ असा एकच शब्द असल्यासारखं. पंधरांचा चार्ट एकदम दिला की मूल चार्ट पाठ करतं, भूक लागल्यावर काय म्हणायचं ते राहूनच जातं.

मी काय करते सांगते, पटलं तर घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त चार : भूक, तहान, थंडी, झोप. रिकामा डबा, पाण्याची बाटली, एक शाल, आणि झोपेसाठी दप्तर उशाला. आणि क्रियापदाची फक्त दोन रूपं, ‘तेंगो’ आणि ‘तिएनेस’, मी आणि तू. ‘तिएनेस आंब्रे?’ ‘सी, तेंगो आंब्रे.’ ‘तिएनेस सेद?’ ‘नो, नो तेंगो सेद.’ प्रश्न विचारायला स्पॅनिशमध्ये जास्तीचा शब्द लागत नाही, सूर बदलला की प्रश्न, अगदी आपल्या ‘भूक लागली?’सारखं, त्यामुळे इंग्लिशमधला ‘डू यू’ मधे आणूच देऊ नका. ‘तिएने’, म्हणजे तो किंवा ती, दुसऱ्या आठवड्यात आणा, कारण तोवर मुलांना एकमेकांबद्दल चहाड्या करायच्या असतात, ‘मिस, तो तिएने स्वेन्यो!’ ‘तेनेमोस’ (आम्ही) आणि ‘तिएनेन’ (ते) महिन्याभराने आली तरी काहीही बिघडत नाही, माझं स्पष्ट मत असं आहे की तक्ता शेवटी यावा, मुलांच्या तोंडात रूपं आधीच बसलेली असावीत आणि तक्त्यात ती नुसती ओळीने मांडायची असावीत.

बाकीची एक्सप्रेशन्स त्यांच्या त्यांच्या वेळेला आणा. ‘तेंगो प्रीसा’ बेल होते त्या क्षणी, जेव्हा सगळे खरंच घाईत असतात. ‘तिएनेस रासोन’ म्हणजे ‘तुझं बरोबर आहे’, ते शिकवायला फळ्यावर मुद्दाम एक चूक करा, कुणीतरी ओरडेलच, की लगेच त्याच्याकडे बघून ‘तिएनेस रासोन’. ते मूल हे वाक्य जन्मात विसरत नाही. ‘स्वेन्यो’ शिकवताना मला स्वतःला फार आनंद होतो, कारण ‘तेंगो स्वेन्यो’ म्हणजे झोप येतेय आणि ‘तेंगो उन स्वेन्यो’ म्हणजे माझं एक स्वप्न आहे, आणि ज्या लॅटिन ‘सोम्नुस’वरून हा शब्द आला तो आणि आपला संस्कृत ‘स्वप्न’ मुळात एकाच घरचे. मुलांना हे सांगितलं की त्यांना ही भाषा परकी वाटायची थोडी कमी होते.

दोन ठिकाणी सांभाळा. एक म्हणजे ‘खूप भूक’. मुलं ‘मुय आंब्रे’ म्हणतात कारण ‘व्हेरी’ म्हणजे ‘मुय’ असं पाठ असतं. पण ‘मुय’ विशेषणाला लागतं, ‘मुय कान्सादो’, खूप दमलेला. भूक हे नाम आहे, तिथे ‘मुचा आंब्रे’. आपलं ‘खूप’ बदलत नाही म्हणून ‘खूप’ धरून समजावू नका, ‘केवढा-केवढी’ धरा. केवढी भूक, केवढा घाम, तसं मुचा आंब्रे, मुचा सेद, मुचो फ्रीओ, मुचो स्वेन्यो. फक्त मराठीतलं लिंग तिकडे लावू नका, आपली थंडी स्त्रीलिंगी पण त्यांचा ‘फ्रीओ’ पुल्लिंगी. आणि कुणी हुशार मूल विचारेल की पुस्तकात ‘एल आंब्रे’ लिहिलंय मग ‘मुचा’ कसं, तर सांगा की शब्द स्त्रीलिंगीच आहे, सुरुवातीला जोर असलेला ‘आ’ आला म्हणून ‘ला’च्या जागी ‘एल’ घेतात, ‘एल आग्वा’ म्हणजे पाणी, तिथेही तेच.

दुसरं जरा जपून सांगते. उन्हाळ्यात कुणी ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हणालं तर हसू नका, रागवू पण नका, पण लगेच ‘तेंगो कालोर’ करून घ्या, कारण पहिल्या वाक्याचा बोलीतला अर्थ शरीरसुखाच्या इच्छेकडे जातो. आठवीच्या वर्गात एवढं कारण द्यायची गरज नाही, ‘माणसासाठी असं म्हणत नाहीत, पदार्थासाठी म्हणतात’ इतकं पुरे.

आणि टेस्ट बदला. रिकाम्या जागेत ‘तेनेर’चं रूप भरा, हा प्रश्न तक्त्याची परीक्षा घेतो. त्याऐवजी प्रसंग द्या : आई ऑफिसातून आलीय, रात्रीचे अकरा वाजलेत, जेवताना डोळे मिटतायत. मुलाने लिहायचं, ‘ला माद्रे तिएने मुचो स्वेन्यो’. तुम्हाला एका वाक्यात कळेल की त्याला येतंय की नाही.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो, टीमचे अर्धे लोक मेक्सिकोत ग्वादालाहाराला आहेत म्हणून कंपनीने क्लास लावलाय. ‘गुस्तार’, म्हणजे आवडणं, काही केल्या डोक्यात शिरत नाही. सर म्हणतात ‘आय लाइक’ असा विचार करू नका, ‘इट इज प्लीझिंग टु मी’ असा करा. इतकं उलटं कोण बोलतं? मी ‘यो गुस्तो काफे’च म्हणतो.
– एक इंजिनियर, पुणे

उत्तर : इतकं उलटं तुम्हीच बोलता, रोज! ‘मला कॉफी आवडते.’ यात ‘मी’ कुठेय? ‘मला’ आहे. आवडते कोण, तर कॉफी. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे शब्दाला शब्द ‘मला आवडते कॉफी’. आणि अनेकवचन बघा, मला टाको आवडतो, मला टाको आवडतात, ‘मे गुस्ता एल ताको’, ‘मे गुस्तान लोस ताकोस’. क्रियापद वस्तूप्रमाणे बदललं, माणसाप्रमाणे नाही. उलट आपल्याकडे चहा आवडतो आणि कॉफी आवडते असं लिंगही बघावं लागतं, स्पॅनिशमध्ये तेवढीही कटकट नाही, फक्त एक की अनेक बघायचं. अमेरिकेतली मुलं या एका क्रियापदावर महिने घालवतात कारण त्यांच्या भाषेत आवडणारा माणूसच कर्ता असतो. तुम्हाला ते सगळं आयतं येतंय आणि तुम्ही आधी इंग्लिशमध्ये जाऊन मग परत येताय, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. उद्यापासून या क्रियापदापुरतं तरी इंग्लिश मधे आणू नका.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना एक जास्तीचा शब्द सांभाळा. राहुलला कॉफी आवडते : ‘आ राहुल ले गुस्ता एल काफे’. आपला ‘ला’ नावाच्या मागे लागतो, त्यांचा ‘आ’ पुढे, आणि वर तो छोटा ‘ले’ पण हवाच, म्हणजे ‘राहुलला, त्याला आवडते कॉफी’ असं डबल. आपण तो ‘त्याला’ म्हणत नाही म्हणून मराठी विद्यार्थी ‘ले’ हमखास गाळतात.

याच घराण्यातलं ‘मे द्वेले ला काबेसा’, डोकं दुखतंय. इथे मात्र मराठी थोडी फसवते. आपण ‘माझं डोकं’ म्हणतो, ते म्हणतात ‘मला डोकं दुखतंय’, ज्याचं दुखतं ते ‘मे’मधून कळतंच म्हणून काबेसाला परत ‘माझं’ लावत नाहीत. ‘मे पारेसे’ म्हणजे मला वाटतं, मीटिंगमध्ये फार उपयोगी. ‘मे दा इग्वाल’ म्हणजे मला काहीही चालेल, हे जेवण ठरवताना म्हणा, मॅनेजरसमोर डेडलाइनबद्दल नको.

आणि ऑफिसात आहात म्हणून मुद्दाम सांगते. सहकाऱ्याबद्दल ‘मे गुस्ता’ म्हणू नका. मराठीत ‘मला ती आवडते’ म्हटल्यावर लोक भुवया उंचावतात ना, अगदी तोच अर्थ तिकडे होतो. माणूस चांगला वाटतो, जमतं त्याच्याशी, असं म्हणायचं असेल तर ‘मे काए बिएन’.

प्रश्न : माझं वय ६७. मुलगा वालेन्सियाला असतो, सून तिथलीच, नात चार वर्षांची. व्हिडिओ कॉलवर नातीशी दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून शिकतेय. मी ‘सोय सेसेंता इ सिएते’ म्हटलं तर नात हसली. आणि ‘थंडी’साठी सून दर वेळी वेगळंच काहीतरी म्हणते, ते कसं?
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

वय पण त्या भाषेत जवळच असतं : ‘तेंगो सेसेंता इ सिएते आन्योस’, माझ्यापाशी सदुसष्ट वर्षं आहेत. आपण म्हणतो ना, ‘मला सदुसष्ट पूर्ण झाली, अडुसष्टावं लागलं’, म्हणजे वर्षं आपल्याकडे येतात, तिकडे ती साठवून ठेवतात इतकाच फरक. ‘आन्योस’ हा शब्द शेवटी म्हणायचाच, आणि त्यातला ‘न्य’ स्पष्ट म्हणायचा, तो नुसता ‘न’ झाला तर शरीराच्या भलत्याच भागाचा शब्द होतो. नातीला विचारायचं असेल तर ‘क्वांतोस आन्योस तिएनेस?’ ती चार बोटं दाखवून ‘क्वात्रो!’ म्हणेल.

थंडीचं म्हणाल तर सूनबाई बरोबरच आहेत, आणि तुम्हाला हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल कारण मराठीत पण तीन वेगळीच वाक्यं आहेत. बाहेर थंडी पडलीय, ‘आसे फ्रीओ’. मला थंडी वाजतेय, ‘तेंगो फ्रीओ’. चहा गार झालाय, ‘एल ते एस्ता फ्रीओ’. हवा असेल तर ‘आसे’, जीवाला जाणवत असेल तर ‘तेंगो’, वस्तूला हात लावून कळत असेल तर ‘एस्ता’. आपण चहाला ‘थंडी वाजतेय’ म्हणतो का? तसंच ते. उन्हाचंही असंच, बाहेर उकाडा ‘आसे कालोर’, मला उकडतंय ‘तेंगो कालोर’, ऊन पडलंय ‘आसे सोल’, वारा सुटलाय ‘आसे बिएन्तो’. पाऊस मात्र ‘आसे’त बसत नाही, त्याला स्वतःचं क्रियापद आहे, ‘युएबे’, पडतोय.

सूनबाई ‘आसे’च्या ऐवजी ‘आथे’ म्हणत असतील तर गोंधळू नका, स्पेनच्या बऱ्याच भागात तो ‘स’ जिभेवर ‘थ’कडे झुकतो, मेक्सिको, कोलंबिया वगैरे देशांत ‘आसे’च ऐकू येईल.

आणि हाच ‘आसे’ तुम्हाला आणखी एक वाक्य देतो, जे तुम्हाला शेजारणीशी बोलताना रोज लागत असेल. ‘तीन वर्षं झाली, मुलगा वालेन्सियात राहतोय’ : ‘आसे त्रेस आन्योस के मि इखो बीबे एन बालेन्सिया’. बघा, आपण पण ‘राहतोय’च म्हणतो, ते पण ‘बीबे’, सरळ वर्तमानकाळ. इंग्लिशमधून शिकणारे इथे फार धडपडतात, तुम्ही धडपडू नका, मनातलं मराठी वाक्य तसंच उचला, फक्त वर्षांचा आकडा तुमच्याकडचा घाला.

प्रश्न : बीए दुसऱ्या वर्षाला आहे, घरीच स्पॅनिश शिकतोय, डेले ए-वन, म्हणजे स्पॅनिशची सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा, द्यायची आहे. ‘तेंगो के’, ‘तेंगो गानास दे’, ‘किएरो’, ‘आय के’ या चारांत सतत गोंधळ होतो.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : गोंधळ होणारच, कारण या वेळी दोषी आपली मराठी आहे! ‘मला जायचंय.’ याचा अर्थ काय? तुला जायची इच्छा आहे, की जाणं भाग आहे? मित्रांच्या ट्रिपबद्दल म्हटलंस तर इच्छा, दाताच्या डॉक्टरकडे म्हटलंस तर सक्ती. मराठीत प्रसंगावरून कळतं म्हणून आपण कधी वेगळं करत नाही. स्पॅनिशमध्ये तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं. इच्छा, ‘किएरो इर’. सक्ती, ‘तेंगो के इर’. मनात जरा शंका आली तर मराठी वाक्यात ‘जावं लागतंय’ टाकून बघ, बसलं की ‘तेंगो के’.

‘तेंगो गानास दे’ला मराठीत इतकी सुंदर जोडी आहे की मी ती प्रत्येक बॅचला सांगते : जावंसं वाटतंय, खावंसं वाटतंय, रडावंसं वाटतंय. तो ‘-वंसं वाटणं’ म्हणजे गानास. ‘तेंगो गानास दे कोमेर’, काहीतरी खावंसं वाटतंय. भूक असेलच असं नाही, भूक असली तर ‘तेंगो आंब्रे’. आणि इथे ‘के’ नाही, ‘दे’. या दोन छोट्या शब्दांवर लक्ष ठेव, ‘तेंगो इर’ असं ‘के’ गाळून लिहिलेलं वाक्य उभंच राहत नाही.

‘आय के’मध्ये माणूसच नाही, सगळ्यांना लागू. तुमच्या कोल्हापुरात आलं की तांबडा-पांढरा रस्सा खाऊन बघायलाच हवा : ‘एन कोल्हापुर आय के प्रोबार’ आणि पुढे रश्श्याचं नाव. तू, मी, पाहुणा, कुणाचंही नाव नको. याचं रूप पण बदलत नाही, त्यामुळे तोंडी परीक्षेत अडकलास तर हे वाक्य हाताशी ठेव.

परीक्षेबद्दल एवढंच, डेले घेते इन्स्तितुतो सेर्वान्तेस, ती स्पेन सरकारची १९९१ साली सुरू झालेली संस्था आहे, आपल्याकडे दिल्लीत तिचं केंद्र आहे. ए-वनला वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात. घरी एकटा शिकतोस म्हणून बोलण्याची भीती जास्त वाटेल, तर रोज रात्री पाच वाक्यं स्वतःच्या दिवसाबद्दल मोठ्याने म्हण, ‘मान्याना तेंगो के एस्तुदिआर’, उद्या अभ्यास करायचाय, ‘नो तेंगो गानास’, इच्छा नाहीये. खरी वाक्यं म्हण, पुस्तकातली नको, खऱ्या वाक्यांना जीभ लवकर सरावते.

प्रश्न : आमच्या घरी आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांच्याकडून ऐकून मला थोडी पोर्तुगीज येते. स्पॅनिश शिकताना तिचा फायदा घ्यावा की विसरावी?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : विसरायची कशाला! ‘तेन्यु फोम’ तुमच्या कानावर असेल तर ‘तेंगो आंब्रे’ अर्धं झालेलंच आहे, दोन्हीकडे भूक जवळ असते, वर्षंही जवळ असतात, क्रियापद पण सख्खी भावंडं. पोर्तुगीजमध्ये ‘एस्तो कों फोम’ असंही म्हणतात, ते मात्र स्पॅनिशमध्ये आणू नका, तिथे ‘तेंगो’च बरं.

पण ‘गुस्तार’ला सावध राहा. पोर्तुगीजमध्ये ‘गोश्तु द शा’, मी चहा आवडून घेतो, म्हणजे तिथे कर्ता माणूस. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल ते’. शब्द एक आणि बांधणी बरोबर उलटी, म्हणून पोर्तुगीज येणारे लोक इथे फसतात. या एका ठिकाणी आजोबांची पोर्तुगीज बाजूला ठेवा आणि आजीची कोकणी घ्या : ‘म्हाका आवडटा’. ‘म्हाका’ म्हणजे ‘मे’, झालं काम.

प्रश्न : ह्यूस्टनला राहतो. मुलगी सहावीत, शाळेत स्पॅनिश घेतलंय. तिची मराठी फक्त घरातल्यापुरती आहे, ती समजावायला वापरून उपयोग होईल का, की इंग्लिशमधूनच सांगू?
– एक बाबा, टेक्सस

उत्तर : घरातल्यापुरती आहे ना, मग तीच तर हवीय. परदेशात वाढलेल्या मुलांची मराठी कितीही कमी झाली तरी ‘मला भूक लागली’, ‘मला झोप आली’, ‘मला नाही आवडत’, ‘पोट दुखतंय’ ही वाक्यं राहतात, आणि सहावीच्या स्पॅनिशला नेमकी हीच लागतात. तिला ‘मला’ ऐकवा आणि विचारा, यात ‘मी’ आहे का? ती ‘नाही’ म्हणाली की ‘मे गुस्ता’ सांगा. शाळेत बाकीची मुलं जिथे अडतील तिथे तिला उत्तर आधीच माहिती असेल, आणि ते मराठीमुळे माहिती आहे हे तिला तुम्ही सांगा, शाळा नाही सांगणार.

उच्चारातही तिच्याकडे ‘त’ आणि ‘द’ आहेत, ते वापरायला सांगा. ‘टेंगो’ नाही, ‘तेंगो’, तांब्यातला त. ‘दोस’, दोनमधला द. टेक्ससमध्ये स्पॅनिश बोलणारे शेजारी, दुकानदार सगळीकडे आहेत, एकदा तिला किराणा घ्यायला बरोबर न्या आणि तिलाच बोलू द्या.

‘सेर’ आणि ‘एस्तार’, म्हणजे ‘असणं’ची दोन क्रियापदं, यांवर पण बरेच प्रश्न आलेत, ते पुढच्या अंकात घेते.